जंगलात पडलेलं झाड आणि वखारीत आलेलं लाकूड, मधलं जातं कुठे?

घराचं काम काढलं की सुतार विचारतोच, चौकटी कशाच्या करायच्या, आणि सागवानाचा भाव ऐकून बरेच जण "मलेशियन साल घाला" म्हणून मोकळे होतात. हे मलेशियन साल म्हणजे आपल्या साल वृक्षाच्याच गोतातली तिकडची झाडं, बोर्निओच्या पावसाळी जंगलातली. वखारीत आपण घनफुटाचा भाव विचारतो, गाठी बघतो, ओलं आहे का ते बघतो, पण हे एक घनफूट इथपर्यंत यायला तिकडे नेमकं किती लाकूड पडलं हा प्रश्न काही आपल्या डोक्यात येत नाही. आणि उत्तर फार चांगलं नाहीये.

ढोबळ हिशोब असा धरा. उष्ण कटिबंधातल्या जंगलात एक मोठं झाड पाडलं की त्याच्या एकूण लाकडातलं साधारण अर्धंच ओंडका म्हणून जंगलाबाहेर येतं, बाकी शेंडा, फांद्या, बुडखा, फुटलेला-कुजलेला भाग सगळं तिथेच. मग जे अर्धं बाहेर आलं ते सॉ मिलमध्ये जातं आणि तिथे परत निम्म्याहून जास्त भुसा, साली, तुकडे होऊन जातं. ब्राझीलमधली इमाझोन नावाची संशोधन संस्था अॅमेझॉनच्या लाकूड धंद्याची आकडेवारी ठेवते, त्यांच्या हिशोबाने २००४ साली तिथे २ कोटी ४५ लाख घनमीटर ओंडके निघाले, म्हणजे ६२ लाखाच्या आसपास झाडं, आणि त्यातून कापीव तयार माल झाला १ कोटी ४ लाख घनमीटर. म्हणजे ४२ टक्के. पूर्ण झाडाच्या हिशोबाने बघितलं तर पाचवा हिस्सा हाती लागला, बाकीचे चार हिस्से गेले.

आता यातलं सगळंच "वाया" म्हणता येत नाही. फांद्या-पानं जंगलात कुजली तर त्या मातीला काहीतरी परत देतात, तिथली माती अनेक ठिकाणी इतकी कसहीन असते की झाडाचं अन्न मातीत कमी आणि झाडातच जास्त साठलेलं असतं. त्यामुळे शेंडा तिथेच राहिला तर मला त्याचं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते चांगल्या सरळ खोडाचं, जे विकता आलं असतं आणि तरी निव्वळ गलथानपणाने सडलं. या लेखात मुख्यतः त्याबद्दल.

या विषयावरचं सगळ्यात नीट काम पाहायचं तर पूर्व अॅमेझॉनमध्ये जावं लागतं, पारा राज्यातल्या पारागोमिनास या गावी. बेलेम-ब्राझिलिया हायवेवर वसलेलं गाव, आधी गुरांची कुरणं झाली, मग १९८०-९० च्या काळात शंभरावर सॉ मिल्स उभ्या राहिल्या आणि सगळा परिसर लाकडाच्या धंद्यावर चालायला लागला. तिथली तेव्हाची पद्धत अशी की दोन माणसं चेनसॉ घेऊन जंगलात शिरणार, दिसेल ते जाडं झाड पाडणार, पुढच्याकडे जाणार. कुठे काय पाडलं ते फार तर त्यांच्या डोक्यात. काही दिवसांनी बुलडोझरवाला येतो, तो दुसराच माणूस, त्याच्याकडे नकाशा नसतो, तो आपला अंदाजाने झाडी तुडवत ओंडके शोधत फिरतो. अशा फिरण्यात काही ओंडके सापडतच नाहीत! दीडशे-दोनशे वर्षं वाढलेलं झाड पाडलं, आणि नंतर ते कुठे पडलंय हेच कुणाला माहीत नाही. मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा हे अतिशयोक्तीचं वाटलं होतं, पण घनदाट जंगलात पडलेल्या झाडावर आजूबाजूची झाडी-वेली कोसळून पडतात आणि वीस-तीस मीटरवरूनही काही दिसत नाही, त्यामुळे हे होतं.

तर याच पारागोमिनासच्या भागात, काउआशी नावाच्या मोठ्या फझेंदावर, म्हणजे तिकडच्या जमीनदारी फार्मवर, दोन पद्धतींची सरळ तुलना केली गेली. एका बाजूला नेहमीची तोड, दुसऱ्या बाजूला आधी प्लॅन करून, ट्रेनिंग दिलेल्या माणसांकडून केलेली तोड. २००२ मध्ये निकाल छापून आले. नेहमीच्या तोडीत विकण्याजोग्या लाकडापैकी २४ टक्के जंगलात आणि ओंडके गोळा करायच्या जागेवर वाया गेलं, प्लॅन केलेल्या तोडीत ८ टक्के. आणि सगळ्यांना चकित करणारी गोष्ट म्हणजे प्लॅन केलेल्या तोडीचा प्रति घनमीटर खर्च उलट १२ टक्क्यांनी कमी आला. म्हणजे आधी मोजणी, नकाशे, ट्रेनिंग यावर पैसे जास्त गेले, पण मशीनचं भटकणं कमी झालं, डिझेल कमी लागलं, आणि तेवढ्याच पाडलेल्या झाडांतून जास्त लाकूड हाती आलं.

मग त्यांनी वेगळं केलं काय? गंमत म्हणजे यात फारसं कुठलं भारी यंत्र नाहीये.

पहिलं काम तोडीच्या साधारण एक वर्ष आधी सुरू होतं. जंगलाचे शंभरेक हेक्टरचे तुकडे पाडायचे, त्यात ठराविक अंतरावर सरळ वाटा पाडायच्या आणि कामाचं प्रत्येक मोठं झाड मोजायचं, जात लिहायची, खोड सरळ आहे का बघायचं, पत्र्याचा नंबर ठोकायचा आणि नकाशावर टाकायचं. आता हा नकाशा हातात आला की अर्धी लढाई इथेच जिंकली, कारण रस्ता कुठून न्यायचा, ओंडके कुठे गोळा करायचे, ओढायची वाट कुठून काढायची हे सगळं कागदावर ठरतं आणि मशीन थेट त्या नंबरच्या झाडापाशी जातं.

त्याच वेळी वेली कापायच्या. आपल्या सह्याद्रीत गारंबीचे वेल बघितलेत ना, मांडीएवढे जाड, या झाडावरून त्या झाडावर गेलेले, तसलेच वेल तिथे भरपूर. एका झाडाला असल्या वेलींनी चार शेजाऱ्यांशी बांधलेलं असलं की ते पडताना चौघांना ओढतं, नाहीतर मधेच वळतं आणि भलतीकडे पडून फुटतं, खाली उभ्या माणसाचा जीवही जातो. वर्षभर आधी वेल कापला की तो वाळून कुजून गळतो. पण सरसकट सगळ्या वेली कापायच्या नाहीत, फक्त पाडायच्या झाडांवरच्या, कारण जंगलातल्या कितीतरी प्राण्यांचं खाणं त्या वेलींवरच असतं.

मग प्रत्यक्ष पाडणं, आणि इथे चेनसॉवाल्याचं कसब लागतं. झाडापाशी गेल्यावर आधी तो चेनसॉचं पातं खोडात उभं खुपसतो. आत सरसर गेलं, किंवा भुसा काळपट-ओला आला, तर झाड आतून पोकळ. पोकळ झाड उभंच ठेवायचं. साधी मिनिटाभराची टेस्ट, पण नेहमीच्या तोडीत असली झाडं बिनदिक्कत पाडली जातात, आडवं झाल्यावर कळतं की आत ढोली आहे, मग तसंच टाकून पुढे. आणि ते पोकळ झाड उभं राहिलं असतं तर पोपटांना, माकाव पक्ष्यांना घरटं मिळालं असतं, बी पडलं असतं, सगळंच गेलं.

झाड चांगलं निघालं तर कुठे पाडायचं ते ठरवायचं. ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूला खोडाच्या साधारण एक तृतीयांश खोल खाच घ्यायची, मग मागून कापत यायचं, पण पूर्ण नाही, मधे काही सेंटिमीटरची पट्टी न कापता सोडायची. ही पट्टी दाराच्या बिजागरीसारखं काम करते, झाड तिच्यावर वाकत हव्या त्या दिशेला जातं. गरज पडली तर मागे पाचर ठोकायची. काही जातींचं लाकूड पडताना उभं चिरतं, खालून वर तीन-चार मीटर फाटत जातं, सगळ्यात महागडा बुंध्याचाच भाग बाद, म्हणून अशा झाडाला मागच्या बाजूलाही थोडं लाकूड धरून ठेवायचं आणि ते सगळ्यात शेवटी कापायचं. आणि हे सुरू करण्याआधी मागे तिरक्या दोन वाटा साफ करून ठेवायच्या, पळायला. हे लाकूड वाचवण्यासाठी नाही, माणूस वाचवण्यासाठी, पण खरं सांगायचं तर ज्या टीमला पळायची वाट साफ करायला वेळ दिला जातो त्याच टीमला खाच नीट घ्यायलाही वेळ असतो.

दिशा कशासाठी एवढी महत्त्वाची? एक तर झाड दगडावर, पडलेल्या ओंडक्यावर, उतारावरून खाली पडलं की खोड मोडतं. दुसरं, ओढायच्या वाटेला ते तिरकं, बऱ्यापैकी लायनीत पडलं तर मशीनला ते गर्रकन फिरवावं लागत नाही, फिरवताना आजूबाजूची पाच-दहा लहान झाडं चिरडतात तीही वाचतात. ही लहान झाडं म्हणजे पुढच्या तोडीचा माल, म्हणजे त्यांचं मोडणं हेसुद्धा वाया जाणंच, फक्त ते आज कुठल्या हिशोबात दिसत नाही.

बुडखा किती उंच ठेवला हाही मुद्दा आहेच. कमरेएवढ्या उंचीवर कापणं माणसाला सोपं पडतं, पण खोडाचा सगळ्यात जाड भाग तिथेच असतो. एक मीटर व्यासाच्या झाडाला अर्धा मीटर खाली कापलं तर जवळजवळ १४ घनफूट लाकूड वाचतं. आपल्याकडच्या भावाने गुणून बघा.

पुढे ओंडका ओढायला बुलडोझरऐवजी स्किडर वापरतात, रबरी टायरचं मशीन, मागे विंच, म्हणजे दोर गुंडाळून ओढणारं चाक, आणि लांब वायररोप. मशीन वाटेवरच उभं राहतं आणि दोर ओढत नेऊन ओंडक्याला बांधतात. मग ओंडके गोळा करायच्या जागेवर टोकं छाटणं. इथेही हातचे पैसे जातात बघा, पोकळ भाग काढायचा म्हणून एकदम दीड मीटर कापून टाकला, नंतर कळलं की पोकळी चाळीस सेंटिमीटरच होती. शिकलेला माणूस थोडं थोडं कापत जातो. आणि सगळ्यात शेवटी, पावसाळा लागायच्या आत माल बाहेर काढणं, नाहीतर फिकट रंगाच्या जातींना थोड्याच दिवसात भुंगेरे भोकं पाडतात, बुरशीने डाग पडतात, तो ओंडका मग जळाऊच.

हे सगळं वाचून वाटेल की एवढं सोपं आणि स्वस्त आहे तर सगळे का करत नाहीत. पद्धत काही कालची नाही, मलेशियाच्या साबा राज्यात १९९२ मध्ये अमेरिकेतल्या एका वीज कंपनीने चक्क पैसे दिले होते, जंगल तोडा पण नीट तोडा म्हणून, कारण कमी मोडतोड म्हणजे हवेत कमी कार्बन, आणि तो वाचलेला कार्बन कंपनीला आपल्या खात्यावर दाखवायचा होता. म्हणजे तीस वर्षांहून जास्त काळ हे माहीत आहे.

माझ्या मते कारण पगाराच्या पद्धतीत आहे. चेनसॉवाल्याला पाडलेल्या झाडाप्रमाणे पैसे, बुलडोझरवाल्याला ओढलेल्या मालाप्रमाणे पैसे. पहिल्याला झाड नीट पडलं की फुटलं याच्याशी देणंघेणं नाही, दुसऱ्याला वाटेत काय चिरडलं याच्याशी नाही. मालकाचं बघायला गेलं तर बऱ्याच देशांत सरकारला रॉयल्टी द्यायची ती बाहेर काढलेल्या ओंडक्यावर. म्हणजे जंगलात टाकून दिलेलं लाकूड त्याला फुकट पडतं. फुकटच्या गोष्टीची काळजी कोण घेतो? हीच रॉयल्टी पाडलेल्या प्रत्येक झाडावर, पोकळ निघो की फुटो, लावली तर ती पातं खुपसायची टेस्ट आपोआप सुरू होईल, त्यासाठी सेमिनार घ्यावे लागणार नाहीत. शिवाय बेकायदा तोड करणाऱ्याचं तर वेगळंच, त्याला वर्षभर आधी झाडं मोजून नंबर ठोकायला सांगणं म्हणजे विनोदच, तो रात्रीत काय मिळेल ते घेऊन पळणार.

आता सॉ मिल. इथलं नुकसान समजायला एक साधं गणित पुरतं. समजा २५ मिलीमीटरच्या फळ्या काढायच्या आहेत आणि पातं ६ मिलीमीटरची चीर पाडतंय, जुन्या जाड गोल करवतीला हे सहज होतं. म्हणजे प्रत्येक ३१ मिलीमीटरला ६ मिलीमीटर भुसा, जवळजवळ पाचवा हिस्सा. तेच बँड सॉचं पातळ पातं ३ मिलीमीटरची चीर पाडत असेल तर नववा हिस्सा. फक्त पातं बदलून आणि त्याला वेळेवर धार लावून एवढा फरक. धार गेलेलं पातं लाकडात नागमोडी जातं, मग फळी एका टोकाला जाड एका टोकाला पातळ, म्हणून मिलवाला आधीच दोन-तीन मिलीमीटर जास्त धरून कापतो, नंतर रंध्यात ते जातं. अॅमेझॉनमधलं लाकूड म्हणजे दगडच असतो, पाती लवकर बोथट होतात. तिथलं मासारांदुबा नावाचं झाड आपल्या चिकूच्याच वंशातलं, घोलवडच्या चिकूचं भाऊबंद, पण लाकूड इतकं घट्ट की पाण्यात बुडतं. आणि तिथल्या लाकडांत भरपूर भाव खाणारं इपे, ते मुंबईत विक्रोळीच्या हायवेवर गुलाबी फुलणाऱ्या वसंतराणीच्या कुटुंबातलं, त्याच्या पाट्या अमेरिका-युरोपात बंगल्यांच्या डेकला लावतात.

पण सॉ मिलमधल्या नासाडीची खरी गोष्ट पात्यात नाही, कागदात आहे, आणि हा भाग मला सगळ्यात भारी वाटतो.

ब्राझीलमध्ये कायदेशीर लाकडाबरोबर ऑनलाइन कागद चालतो, अमुक इतके घनमीटर ओंडके मिलमध्ये आले म्हणजे तमुक इतके घनमीटर फळ्या विकायची परवानगी. मधे एक गुणांक असतो, ओंडक्याचे किती टक्के फळ्या होणार त्याचा. २००९ च्या नियमात तो ४५ टक्के होता. आता समजा एखाद्या मिलची करवत जुनाट आहे आणि प्रत्यक्षात ३५ टक्केच निघतायत. १००० घनमीटर ओंडके आले, कागदावर ४५० घनमीटर फळ्यांची परवानगी, हातात ३५० घनमीटर. उरलेल्या १०० घनमीटरची परवानगी रिकामी पडून आहे! मग काय, चोरून तोडलेलं लाकूड आणायचं, कापायचं आणि त्या रिकाम्या कागदावर कायदेशीर म्हणून विकायचं. १०० घनमीटर फळ्यांना त्याच मिलमध्ये २८५ घनमीटर ओंडके लागतात, इमाझोनच्या आकड्यांवरून एका झाडाचे सरासरी चार घनमीटर धरले तर सत्तरेक झाडं. म्हणजे मिल जितकी गलथान तितकी चोरीचा माल पांढरा करायला सोयीची, नासाडी कमी करण्यात मालकाचा तोटाच! शेवटी २०१६ मध्ये तिथल्या राष्ट्रीय पर्यावरण परिषदेने हा गुणांक ३५ टक्क्यांवर आणला, आणि ज्याला वाटतं आपली मिल जास्त माल काढते त्याने तांत्रिक अभ्यास करून ते सिद्ध करावं असं ठेवलं. धंद्यातल्या लोकांनी कुरकुर केलीच. पण मला हा नियम हुशार वाटतो, कारण आता चांगली करवत लावणाऱ्याला ते सिद्ध करून दाखवण्यात फायदा आहे आणि ढिसाळ मिलवाल्याकडे लपवायला रिकामा कागद उरत नाही. पळवाटा संपल्या असं नाही. जंगलातच झाडाचं माप फुगवून लिहायचं किंवा दुसऱ्याच जातीला इपे म्हणून नोंदवायचं हा पुढचा प्रकार, आणि इपेच्या बाबतीत तो भरपूर चालतो.

उरलेल्या भुशाचं आणि तुकड्यांचं काय करता येतं ते थोडक्यात. अॅमेझॉनच्या काठावर इताकोआचियारा गावात एका मोठ्या लाकूड कंपनीच्या उरलेल्या लाकडावर वीज तयार करून गावाला देतात, आधी तिथे डिझेलवर वीज व्हायची. पारागोमिनासकडे बरंच उरलेलं लाकूड मातीच्या घुमटी भट्ट्यांमध्ये कोळसा व्हायला जायचं आणि तो कोळसा काराजास या लोखंडाच्या खाणींच्या भागातल्या कारखान्यांना. त्यात धोका असा की एकदा भट्टी लावली की तिला रोज खायला लागतं, तुकडे संपले की मग उभं जंगल जातं, आणि तसं झालंही. आखूड तुकडे टोकाला दात पाडून जोडून लांब पट्टी करणं, ज्याला आपल्याकडेही फिंगर जॉइंट म्हणतात, हे त्यापेक्षा चांगलं, कारण लाकूड लाकूडच राहतं.

एवढं सगळं करूनही नीट तोड म्हणजे जंगल वाचलं असं कुणी समजू नये. ब्राझीलच्या नियमात एका हेक्टरमधून जास्तीत जास्त ३० घनमीटर काढायचे आणि मग ३५ वर्षं तिथे हात लावायचा नाही, पण अनेक जाती ३५ वर्षांत पहिल्याइतक्या भरून येत नाहीत, त्यांना वाढायला त्याहून खूप जास्त वेळ लागतो. रस्ता एकदा झाला की त्यावरून फक्त ट्रकच येत नाहीत हेही आहे. तरी २४ टक्के वाया घालवून तोडणं आणि ८ टक्के वाया घालवून तोडणं यात तेवढंच लाकूड मिळवायला किती झाडं कमी पाडावी लागतात ते काढून बघा. १०० घनमीटर पाडले तर एकात ७६ हाती येतात, दुसऱ्यात ९२. म्हणजे तेवढ्याच मालासाठी सहापैकी एक झाड उभं राहू शकतं.

आपल्या टोकाला आपण करू शकतो ते छोटंच आहे. वखारीत सगळ्यांना सात फुटी, एकसारख्या रंगाचं, एकही गाठ नसलेलं लाकूड हवं असतं, आणि ती मागणी उलटी जात जात जंगलापर्यंत पोचते, तिथला माणूस मग तेवढाच सरळ, स्वच्छ तुकडा घेतो आणि बाकीचा सोडतो. जिथे रंग मारायचाच आहे तिथे गाठ असली, थोडा फिकट पट्टा असला तरी चौकट तेवढीच टिकते, आणि वरच्या आडव्या पट्टीला तर तीन-साडेतीन फुटाचा तुकडाच लागतो, त्यासाठी सात फुटी कापायची गरज नाही. सुतारासोबत साइजची यादी आधी करून वखारीत जा आणि आखूड माल आहे का विचारा, बहुतेक वेळा असतो, आणि स्वस्तही पडतो.